‘पोच’ कोणी द्यायची : माणसाने की फोनने?

तळटीप :
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यपद्धतीचा मराठी मसुदा मी सध्या तयार करीत आहे. सभेच्या सूचना यापुढे ई-मेलने आणि व्हॉट्सॲपने जाणार असल्यामुळे मूळ इंग्रजी तक्त्यात तीन रकाने आहेत : संदेश निघाला, सभासदाच्या फोनवर उतरला आणि त्याने तो उघडला. मी त्यांना ‘रवाना’, ‘पोच’ आणि ‘वाचले’ अशी शीर्षके दिली. सरकारी कार्यालयात आवक-जावकीचे काम केलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘पोच’ या शब्दाला हरकत घेतली. पोच घेणारा देतो, फोन देत नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ‘पोचले म्हणजे पोच’ इतके सरळ वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

दप्तरी :
त्या सभासदांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहा : पोच देतात, घेतात, मागतात आणि नाकारतातही, पोच आपोआप ‘होत’ नाही. शिपाई पत्र आणि स्थळप्रत घेऊन दुसऱ्या कार्यालयात जातो, तिथला लिपिक पत्राचा विषय नजरेखालून घालतो, बारनिशीत नोंद करतो, मग स्थळप्रतीवर गोल शिक्का मारून त्याखाली तारीख आणि आखूड सही करतो. त्या सहीत ‘हे माझ्याकडे आले आणि आता याची जबाबदारी माझ्याकडे’ अशी कबुली असते. फोनवरच्या खुणेत अशी कबुली कोणी दिलेली नसते. ‘पोच’ हा शब्द यंत्राला बहाल केला, तर मराठीत कबुलीसाठी शब्द उरणार नाही.

मुळाक्षर :
दप्तरी, आपण वर्णन केलेली कबुली खरे तर ‘पावती’ची आहे. ‘पोच’ पोहोचण्यातून आली. तिथे कर्ता पत्र आहे. ‘पावती’ ‘पावणे’ या क्रियापदातून आली, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत ‘प्राप्’ आहे. तिथे ज्याला मिळाले तो माणूस महत्त्वाचा. पुढे कचेऱ्यांनी दोन्ही जोडून ‘पोचपावती’ केली आणि भेद पुसला गेला. पेशवाईतल्या पत्रांत मात्र तो शाबूत आहे. ‘पत्र पाठविले ते पावोन लेखनाभिप्राय अवगत जाहला’ हे वाक्य त्या काळच्या कितीतरी पत्रांच्या आरंभी येते. त्यात पाठविणे, पावणे आणि अवगत होणे या तीन पायऱ्या वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. तळटीप यांच्या तक्त्यातही नेमके हेच तीन रकाने आहेत, म्हणून तिसऱ्यासाठी मी ‘अवगत’ सुचवितो. जाता जाता, ‘त्याला पोच नाही’ या प्रयोगातली पोच म्हणजे समज. पोच आणि समज यांचे नाते भाषेला जुन्या काळापासून ठाऊक आहे.

कलमदान :
‘अवगत’ला माझी सक्त हरकत आहे, कारण संदेश उघडला म्हणजे आशय कळला असे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ई-मेलच्या वाचनसूचनेचे तांत्रिक मानक १९९८ साली आले. त्यातही संदेश ‘पडद्यावर दाखविला गेला’ एवढेच म्हटले आहे, आणि तो वाचला किंवा समजला याची हमी नाही, असे स्पष्ट नोंदविले आहे.

कायद्याने तर उघडण्याचीही अट घातलेली नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, पक्षांमध्ये वेगळे ठरलेले नसेल तर, प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणकीय साधनात अभिलेख शिरला की तो प्राप्त झाला. न्यायालयांचा कल मात्र एकसारखा राहिलेला नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवरील निळ्या खुणा पाहून नोटीस बजावली गेल्याचे मानले. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने अशा बजावणीला परवानगी दिली, पण त्याच दिवशी ई-मेलही पाठविण्याची अट घातली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पोलिसांना हजर राहण्याच्या नोटिसा व्हॉट्सॲपवरून बजावण्यास मनाई केली. ज्या नोटिशीमुळे अटकेची वेळ येऊ शकते, ती माणसाच्या हाती पडलीच पाहिजे, हे मला योग्य वाटते.

सावली :
कायद्याचे ठीक आहे, पण रोजच्या नोकरीत ही खूण काय करते ते मी सांगते. आमच्या कार्यालयाच्या गटावर रात्री दहा वाजता सूचना येते. मुलाच्या शाळेचा निरोप शोधताना माझ्याकडून ती उघडली जाते आणि सकाळी साहेब विचारतात, ‘तुम्ही रात्री पाहिले होते ना, मग काम का झाले नाही?’ वैयक्तिक संवादातली वाचल्याची खूण बंद करता येते, गटातली येत नाही. कोणी किती वाजता पाहिले, हे पाठविणाऱ्याला यादीसकट दिसते. पूर्वी टेबलावर आलेला कागद मी कामाच्या वेळेत सही करून घेत असे, आणि ती सही माझी असे. कामाच्या वेळेनंतरचे फोन व संदेश नाकारण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते; त्याचा कायदा झाला नाही. म्हणून मी दप्तरींच्या बाजूने आहे. माझ्या नकळत फोनने कळविलेल्या गोष्टीला कृपया ‘पोच’ म्हणू नका.

दूरगाव :
मी अनेक वर्षे परदेशात आहे आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. परदेशातून गावी फोन लावणे महाग होते, तेव्हा आम्ही घरी पोचल्यावर दोन रिंगा देऊन फोन ठेवत असू. तिकडे कोणी उचलत नसे, पण आईला समजत असे. ती आमची पोचच होती, आणि तिच्यात ना सही होती ना शब्द. आता सकाळी मी आईला फुलांचे चित्र पाठवितो. उत्तर टंकणे तिला बोटांच्या दुखण्यामुळे जमत नाही. खुणा निळ्या झाल्या की ती उठली आहे, चष्मा लावला आहे आणि फोन हातात घेण्याइतकी बरी आहे, एवढे मला कळते. ही खूण फोनने उमटविलेली असली तरी तिच्यामागे आई आहे. तिला ‘पोच’ म्हणण्याचा हक्क मी सोडणार नाही.

दप्तरी :
दूरगाव, दोन रिंगा आपण ठरवून देत होतात; फोन स्वतः देत नव्हता. आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

दूरगाव :
आणि आई चित्र ठरवूनच उघडते. ती आपण उठल्याचे मला कळावे म्हणून उघडते, हे तिनेच मला सांगितले आहे.

मुळाक्षर :
म्हणजे खूण तीच आणि हेतू निराळा. सावली यांची खूण त्यांच्या इच्छेविरुद्ध उमटते, दूरगाव यांच्या आईची इच्छेने. यासाठी दोन शब्द हवेत, आणि ते यंत्राच्या पायऱ्यांवरून ठरणार नाहीत. कलमदान यांची ‘अवगत’बद्दलची हरकत मी तूर्त मान्य करीत नाही, पेशव्यांच्या कारकुनालाही समोरच्याच्या मनात शिरता येत नव्हते.

कलमदान :
पण ‘अवगत जाहला’ हे तो कारकून स्वतः लिहीत होता. प्रश्न तिथेच आहे.

तळटीप :
सर्वांचे आभार. मसुदा सोमवारी द्यायचा आहे. तूर्त दुसऱ्या रकान्याला ‘फोनवर उतरले’ आणि तिसऱ्याला ‘उघडले’ असे लिहिते. ज्येष्ठ सभासदांना आता चौथा रकाना हवा आहे, सहीचा. त्याला मात्र ‘पोच’ म्हणावे की ‘पावती’?