मदत हवी आहे: हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रपाळीला कितपत अधिकार द्यावेत?

नमस्कार मंडळी. नाशिकला द्वारका चौकाजवळ आमचं २६ खोल्यांचं हॉटेल आहे, खाली शाकाहारी रेस्टॉरंट. मॅनेजर मी. रिसेप्शनला पहिल्यापासून एकच लॉगिन, 'ॲडमिन', आणि पासवर्ड काउंटरच्या काचेखाली चिठ्ठीवर. दिवसपाळी, रात्रपाळी, सुट्टीत येऊन बसणारा मालकांचा भाचा, सगळे त्यावरच. परवा चेकआउट झालेलं एक बिल रद्द दिसलं. कारणाच्या रकान्यात नुसतं टिंब. केलं कोणी? ॲडमिनने!

सिंहस्थ तोंडावर आलाय, पर्वणीला तात्पुरती मुलं घ्यावी लागतील. त्याआधी प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करायचंय. कॅप्टन (रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर घेणारा), हाउसकीपिंग वगैरेंचं जमेल, अडतंय रात्रपाळीपाशी. रात्री दोनला नाशिकरोड स्टेशनवरून आलेलं कुटुंब एसी चालत नाही म्हणून खोली बदलून मागतं, वर भाडं कमी करा म्हणतं. अधिकार काढले तर पोरगं मला झोपेतून उठवणार, ठेवले तर आहे तेच. तुम्ही रात्री काय काय उघडं ठेवता?

प्रतिसाद १
भाऊ, हुद्दा बघू नका, पैसा कुठून निसटतो ते बघा. छापलेलं बिल रद्द करणं, किचनला गेलेली केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) रद्द करणं, मागच्या तारखेची नोंद, आणि रोख घेतलेलं पेमेंट नंतर 'कंपनी खात्या'वर, म्हणजे कंपनीच्या उधारीवर टाकणं. सॉफ्टवेअरच्या अधिकारांच्या यादीत हा शेवटचा चौकोन हमखास टिक केलेलाच राहतो. यातलं काहीही रात्री नको. खोली बदलायचा अधिकार बिनधास्त द्या, फक्त बदलताना भाड्याचा आकडा हलवता येऊ नये. सूट दहा टक्क्यांपर्यंत, पुढे तुमच्या मोबाइलवर ओटीपी. ती सोय नसेल तर फोन येणारच, त्याला इलाज नाही.
नाईट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसाचा हिशोब बंद करणं, त्यालाच करू द्या, पण बंद झालेला दिवस पुन्हा उघडणं तुमच्याकडे ठेवा. टॅक्स सेटिंगही. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, असला बदल काउंटरवरून परस्पर व्हायला नको.

प्रतिसाद २
तात्पुरत्या मुलांच्या लॉगिनला शेवटची तारीख घाला. सोडून गेलेल्याचं लॉगिन डिलीट करू नका, नुसतं बंद करा, म्हणजे जुन्या नोंदींवर त्याचं नाव राहतं. हाउसकीपिंगला खोली साफ की खराब एवढंच दिसू दे, पाहुण्यांचे आधार आणि फोन नंबर त्यांना कशाला?

धागाकर्ता
दोघांचे आभार. पण काउंटरला कॉम्प्युटर एकच. गर्दीत सारखं लॉगआउट-लॉगिन कोण करणार?

प्रतिसाद १
चार आकडी पिन ठेवा, दोन मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन लॉक. पिन एकमेकांना सांगतील, ते धरूनच चाला. म्हणून पाळी बदलताना गल्ला मोजा आणि ज्याच्या लॉगिनवर तूट, त्याच्याकडूनच हिशोब घ्या. आमच्याकडे त्यानंतर पिन फिरायचे थांबले. आणि ती काचेखालची चिठ्ठी आजच काढा.