गच्चीवरची छत्री उतरवायची का?

महालकर:
पोरानं वायफाय घेतलं अन् म्हणतो, "बाबा, आता छत्री उतरवून टाकू." मी नाही म्हटलं. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशची छत्री आहे, टीव्हीच्या वाहिन्या फुकट दाखवणारी. एकदा बसवली की महिन्याला रुपयाही लागत नाही. ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली. उपग्रहावरून सुटलेला सिग्नल दहा घरांनी घेतला काय अन् गडचिरोलीपर्यंतच्या दहा लाख घरांनी घेतला काय, सोडणाऱ्याचा खर्च तेवढाच. स्ट्रीमिंगमध्ये दर घराला वेगळा डेटा लागतो अन् तो पाहणाऱ्याच्या खिशातून जातो. प्रक्षेपण बंद पडू देणं गरिबावर अन्याय आहे.

धरमपेठ_९८:
काका, छत्री ठेवा, पण तिच्यावर पाहायचं काय? जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्धचा टायब्रेक आम्ही सगळे यूट्यूबवर पाहून राहिलो होतो. तासन् तास चालणाऱ्या बुद्धिबळाला वाहिनी जागा कुठून देणार? तिच्याकडे दिवसाचे चोवीसच तास, अन् ते कोणाला द्यायचे हे मुंबई-दिल्लीत ठरतं. वऱ्हाडी अन् झाडीबोली मी यूट्यूबवरच पोटभर ऐकली. मालिकांतला वैदर्भीय माणूस बहुतेक वेळा हसवायलाच आणलेला असतो, याचा मला राग आहे.

नंदनवन_केबल:
वीस वर्षं केबलच्या धंद्यात आहे. २०१३ मध्ये नागपुरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा घरोघरी जाऊन लावले. आता तेच लोक कनेक्शन तोडतात अन् माझ्याकडूनच ब्रॉडबँड घेतात. तरी मॅचच्या दिवशी फोन येतो, "भाऊ, केबल चालू करून दे." मोबाईलवर विकेट दिसायच्या आधीच शेजाऱ्याकडचा ओरडा ऐकू येतो ना! काका, तुमच्या छत्रीबद्दल एक सांगतो. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावा लागतो, पण २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो दूरदर्शनला केबलवाल्यांमार्फत दाखवता येत नाही. तुम्हाला फुकट दिसतं अन् पैसे भरणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाला नाही. हे मला कधीच पटलं नाही.

हुडकेश्वर_ताई:
तुम्ही सगळे खर्चाचं अन् कार्यक्रमांचं बोलता. आमच्याकडे स्मार्टफोन एकच, तो यांच्यासोबत कामावर जातो. दुपारी घरात सासूबाई अन् मी. सासूबाईंना वाचता येत नाही, पण रिमोटवरच्या बटणांच्या जागा पाठ आहेत. ॲपमध्ये दर वेळी नवीन पान, पासवर्ड, जाहिरात. फोन एकाचा असतो, टीव्ही घराचा. बातम्या लागल्या की शेजारची काकूही येऊन बसते.

धरमपेठ_९८:
ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण त्याच छत्रीवरून मोठ्या समूहांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या २०१९ मध्ये काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा नेल्या. सासूबाईंची मालिका मधेच गायब झाली तर दाद कोणाकडे मागायची?

महालकर:
म्हणूनच सेमिनरी हिल्सच्या आपल्या दूरदर्शन केंद्राकडून मागणं आहे. खासगीवाले जातील, ते केंद्र तर इथंच आहे. रोज संध्याकाळी एक तास विदर्भाचा द्या, आपल्या बोलीत, कापूस-संत्र्याच्या भावासकट. अन् तोच तास यूट्यूबवरही टाका, म्हणजे या पोरालाही दिसेल.

हुडकेश्वर_ताई:
संध्याकाळी नको हो, तेव्हा स्वयंपाक असतो. दुपारी तीनला ठेवा.