मदत हवी आहे: पुराचा इशारा तळमजल्यावरच्या काकूंना कळेल असा कसा लिहू?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, घर कारेलीबागेत, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. गेल्या दिवाळीत सोसायटीचा सेक्रेटरी होऊन बसलो. पावसाळ्यात ग्रुपवर इशारे टाकायचे ते मी, आणि ते कळत नाहीत म्हणून बोलणी खायची तीही मीच.

परवा तळमजल्यावरच्या काकूंनी (वय ७८, एकट्या असतात) जिन्यातच गाठलं. हातात ट्रंकेची किल्ली. "अरे, अजवा २१२ फूट झालंय आणि धोक्याची पातळी २६! मग आपण अजून इथे काय करतोय?"

आधी हसू आलं, मग लाज वाटली. मेसेज मीच टाकला होता, दोन्ही आकडे एकाखाली एक. २६ फूट ही विश्वामित्रीची धोक्याची पातळी, काळा घोडा पुलापाशी मोजलेली. अजवा हे नदीवरचं धरण, त्याचे २१२ समुद्रसपाटीपासूनचे. फूट तेच, पण मोजायची सुरुवात वेगळी. हे आम्ही कधी कुणाला सांगितलंय?

उलटा घोटाळा याहून वाईट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं ते पाऊस ओसरल्यावर. सगळे म्हणत होते, आता उघडलं, गाड्या कशाला हलवायच्या? नदी येते पावागडाकडून. तिकडे पडलेलं आणि धरणातून सुटलेलं पाणी इथे यायला वेळ लागतो. हे एका ओळीत कसं लिहायचं?

फलकासाठी मी लिहिलेला मजकूर असा: "वडोदरा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिजोरदार पावसाची शक्यता, ऑरेंज अलर्ट. नागरिकांनी सतर्क राहावे." काकूंनी वाचून विचारलं, "तुरळक म्हणजे थोडाच ना?" कृपया सुधारून द्या. गुजराती मजकूर शेजारचे भाई लिहून देणार आहेत.

प्रतिसाद १
'तुरळक ठिकाणी' हे पावसाच्या जोराबद्दल नाही, जागांबद्दल आहे. हवामान खात्याच्या भाषेत, पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ज्याच्या डोक्यावर कोसळेल त्याला तो अतिजोरदारच, म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. तुम्ही सरळ लिहा: "जिल्ह्यात काही गावांत फार मोठा पाऊस होईल, त्यात आपणही असू शकतो." रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हला. 'सतर्क राहावे' खोडून टाका. सतर्क राहून काकूंनी नक्की काय करायचं?

प्रतिसाद २
अजव्याचा आकडा फलकावर नकोच. नदीचा एकच ठेवा आणि तो तुमच्या फाटकाशी जोडा. २०२४ चे ग्रुपवरचे फोटो काढा. पाणी फाटकाशी आलं तो फोटो किती वाजताचा, आणि त्या तासाला पुलापाशी किती फूट होतं, ते जुन्या मेसेजांत सापडेल. तोच तुमच्या सोसायटीचा धोक्याचा आकडा. शहराचे २६ असोत. अर्थात दर पूर सारखा नसतो, म्हणून त्याच्या दोन-तीन फूट आधीच हला.

धागाकर्ता
दोघांचे आभार. काल रात्री फोटो चाळले. वॉचमनच्या खुर्चीचे पाय बुडालेत असा एक सापडला, वेळेसकट. त्या तासाचा आकडा शोधतोय. नवा मजकूर असा: "पाऊस थांबला तरी नदी वाढू शकते. पुलापाशी __ फूट झाले की गाड्या बाहेर, तळमजल्याचं सामान वर." काकूंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "हे कळलं. पण माझा फ्रीज वर कोण नेणार, त्याचं नाव लिही खाली." अजून कुणी हो म्हटलेलं नाही.