देवपूजेने माणसाचे भले झाले की नुकसान?

खारपाणपट्टा (चर्चाप्रस्ताव)

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावाच्या वेशीवर मरीमायचे ठाणे आहे. शेंदूर फासलेले चार दगड, गंजलेला त्रिशूळ आणि नवसाच्या हिरव्या बांगड्या, एवढेच. पूर्वी पटकीची साथ आली की तेथे बोकड कापला जाई आणि मायचा गाडा वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडला जाई. मग ते गाव तोच गाडा पुढे ढकलत असे. विहिरीच्या पाण्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नसे. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये 1854 साली दाखवून दिले होते. देवीच्या रोगाचेही तेच झाले. अंगावर फोड उठले म्हणजे माता आली, तिला औषध चालत नाही, असे म्हणून आजारी लेकराभोवती कडुनिंबाचे डहाळे ठेवले जात. भारतातून हा रोग 1975 मध्ये हटला, तो लसीमुळे आणि गावोगाव पायपीट करणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळे.

पूजेने माणसाला धीर दिला हे मी नाकारत नाही. पण तो चुकीचे कारण हाती देऊन दिला, आणि त्यामुळे खरे कारण शोधण्याची निकडच उरली नाही. शिवाय उंबऱ्याच्या आत कोणी यायचे आणि बाहेर कोणी थांबायचे, हेही पूजेच्याच नावाने ठरले. अमरावतीच्या अंबादेवीचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून पंजाबराव देशमुखांना सत्याग्रह करावा लागला. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो माणसांनी हे देवच सोडले. माझ्या हिशेबी नुकसानीचे पारडे जड आहे.

मोझरीची वाट

भाऊ, स्नो यांच्या काळात लंडनचे बहुतेक डॉक्टरही पटकी दूषित हवेने होते असेच मानत होते आणि स्नो यांचे म्हणणे पटायला बरीच वर्षे गेली. त्या डॉक्टरांच्या वेशीवर काही मरीमाय नव्हती. न कळणे हे साऱ्या मानवजातीचे दुखणे होते. त्याचा सगळा दोष देवावर टाकणे मला न्यायाचे वाटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा पाहा. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे सारे त्यांनी ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ या गजरातच सांगितले. दिवसभर निंदण-खुरपण करून थकलेली माणसे मध्यरात्रीपर्यंत बसून राहायची, ती देवाचे नाव कानावर पडत होते म्हणून. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला सर्व जातीधर्मांची माणसे एका रांगेत बसवली आणि त्याच माणसांना ग्रामसफाईला लावले. आज शेगावला जाऊन पाहा: घरची शेतीवाडी सांभाळून पाळीपाळीने येणारे सेवाधारी मोबदला न घेता पानात वाढतात, फरशी पुसतात. भक्ती वजा केली, तर एवढी माणसे कोणत्या धाग्याने बांधणार?

खारपाणपट्टा

दादा, गाडगेबाबांचेच उदाहरण पुढे न्यावे लागेल. त्यांनी लोकांकडून आलेल्या पैशातून देवळे उभारली नाहीत. धर्मशाळा, गोरक्षण आणि शाळा उभारल्या. पंढरपूरला त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना इतरत्र आसरा मिळत नव्हता. माणसे जमवायला त्यांनी देवाचे नाव घेतले आणि जमलेल्या माणसांना दगडापासून दूर नेले. याला पूजेची थोरवी म्हणावे की पूजेतून माणूस सोडवण्याचे कसब?

वैनगंगातीर

तुम्ही दोघेही वऱ्हाडाबाहेर पाहत नाही, म्हणून गडचिरोलीची बाजू मांडतो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते आणि परिसरातील माडिया आदिवासींची गावे तेथे जमतात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे आणि तेथे खाणही सुरू झाली आहे. सरकारी कागदावर जंगलाची किंमत झाडे आणि हेक्टर यांत लिहिली जाते. गावकऱ्यांना मात्र ‘हा आमच्या देवाचा डोंगर आहे’ असे सांगता येते, आणि विरोधाला त्यातूनच बळ मिळते. ओडिशातील नियमगिरीत हेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तेथील प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला तेव्हा डोंगरिया कोंध आदी आदिवासींच्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, कारण तो डोंगर त्यांच्या नियमराजा या देवाचा होता. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा दंडक वनखाते जन्मण्यापूर्वीचा आहे. पूजेने जे वाचवले तेही वहीत लिहा.

आरोग्यसेविका, मेळघाट

वैनगंगातीर दादा, तुमच्या त्याच माडिया गावांत कुर्माघर असते. पाळी आलेल्या बाईने गावाच्या कडेच्या त्या खोपटात राहायचे, कारण ती घरात वावरली तर देव कोपेल. पावसाळ्यात गळके छप्पर, रात्री सापाविंचवाची भीती, आणि तुम्ही म्हणता तोच देव! डोंगर वाचवणारी श्रद्धा बाईला वाचवत नसेल, तर हिशेब अर्धाच झाला असे मी म्हणेन.

माझ्या कामात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे गोल चट्टे मी पाहिले आहेत. याला डंभा म्हणतात; पोट फुगले की देतात. तरीही मी प्रस्तावकर्त्या भाऊंच्या बाजूने पूर्णपणे उभी राहू शकत नाही. ज्या पाड्यावरून दवाखाना गाठायला घाट उतरावा लागतो आणि रात्री गाडी मिळत नाही, तेथे भूमका, म्हणजे पूजा आणि उपचार करणारा गावचा मांत्रिक, हाकेच्या अंतरावर असतो. मी आईला पूजा करू नको असे कधी सांगत नाही. पूजा कर, पण आधी माझ्यासोबत चल, असे सांगते. भूमकाला विश्वासात घेतले तर तोच पुढे ‘हिला दवाखान्यात न्या’ म्हणतो, आणि त्याचा शब्द माझ्या शब्दापेक्षा लवकर ऐकला जातो.

खारपाणपट्टा

ताई, तुमचा मार्ग मला मान्य आहे. पण भूमकाचा शब्द अधिक चालतो, ही वस्तुस्थिती मला बोचते. आमच्याकडे जमिनीतले पाणी खारे आहे आणि मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण गावोगाव आहेत. तरी देवळाच्या कळसासाठी घरटी वर्गणी एका आठवड्यात जमली आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा विषय ग्रामसभेत पुढे ढकलला गेला.

मोझरीची वाट

भाऊ, मग तो विषय ग्रामसभेत न मांडता सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी, सगळे गाव पंगतीला बसलेले असताना मांडून पाहा. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींनाच पुढे करा. गाडगेबाबांनी तेच केले असते.

खारपाणपट्टा

मांडीन. पण पाण्यासाठी देवाला मध्यस्थ घालावे लागते, हाच माझा मूळ आक्षेप आहे आणि तो कायम आहे.