मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हाळ्यात स्वस्त राय व्हिस्की पारखायची कशी?

जाणकारांनो, एक अडचण सोडवा. स्वस्तातली अमेरिकन राय आहे, ४०%. (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हाच्या जातकुळीतलं धान्य. अमेरिकन नियमाने धान्यांच्या मिश्रणात ते किमान ५१% लागतं आणि पिंप आतून जाळलेलं, कोऱ्या ओकचं.)

ट्यूलिपसारख्या तोंडाचा ग्लास, ३० मिली, दहा मिनिटं झाकून ठेवलेली. खोलीत ३८ अंश असले की पहिल्याच वासाला नुसतं स्पिरिट नाकात चढतं. फ्रीजमध्ये ठेवली तर उलटंच, वास मिटतो आणि लाकडाचा कडवटपणा तेवढा जिभेवर राहतो. १० मिली पाणी घातलं की ती ३०% वर येते. मग मिरी, लवंग आणि मागून चक्क शेपूची जुडी चोळल्यासारखा वास येतो. तो रायचाच, दोष नव्हे. पाणी आरओचं. बोअरचं जड पाणी चवीत उतरतं.

प्रश्न असा: पाणी घातल्यावरही घशाशी उरणारी जळजळ कोवळ्या (पिंपात कमी मुरलेल्या) दारूची की तापमानाची, हे वेगळं कसं काढायचं? ग्लास २० अंशांवर आणायला बाहेरून गार पाण्याची वाटी पुरेल का? तीन ग्लासांपैकी दोनांत एकच दारू ओतून, न बघता वेगळा ग्लास ओळखायची चाचणी कोणी या उन्हात केली आहे का?

आणि कृपया, शेंगा चटणीसोबत घ्या असं सांगू नका. लसूण-तिखटाने जीभ तासभर कामातून जाते.