शब्दचर्चा : सबवूफरचा 'क्रॉसओव्हर'

होम थिएटरच्या रिसीव्हरच्या मेनूत 'क्रॉसओव्हर' आहे आणि सबवूफरच्या (नुसता खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या, म्हणजे 'सब'च्या) मागच्या बटणावरही तोच शब्द छापलाय. अर्थ एकच का? मराठीत काय म्हणता येईल?

– अर्थ वेगळे, म्हणून तर घोळ होतो. रिसीव्हरमधला वाटणी करतो: ८० हर्ट्झ लावलंत की त्याखालचा खर्ज स्पीकरकडून काढून सबकडे देतो. सबवरचं बटण हा नुसता लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक हर्ट्झखालचाच आवाज पुढे सोडणारी गाळणी; स्पीकरना काय मिळतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन्ही ८० वर ठेवलेत तर सबचा आवाज दोनदा गाळला जातो आणि ८० च्या आसपास खड्डा पडतो. बटण पार वरच्या टोकाला न्या, किंवा 'एलएफई' (सिनेमातला खास खर्जाचा ट्रॅक) लिहिलेलं सॉकेट असेल तर केबल तिथे खोचा, म्हणजे हा फिल्टर टळतो.

– सगळे '८० ला कट केलं' म्हणतात ते मला खटकतं. कट कसला, उतार असतो! सबच्या बाजूला बहुधा सप्तकाला २४ डेसिबलचा. म्हणजे १६० ला पोचेपर्यंत सब बराच दबतो, पण ९०-१०० ला चांगला बोलत असतो. क्रॉसओव्हर १२० च्या वर नेला की जाड पुरुषी आवाज सब ठेवलेल्या कोपऱ्यातून यायला लागतात, ते याचमुळे.

– 'विभाजन वारंवारता' फार सरकारी वाटतं. 'सांधा' कसा वाटतो? 'फ्रंटचा (पुढच्या स्पीकरचा) सांधा ८०, सराउंडचा (बाजूच्या-मागच्यांचा) १००.'

– चालेल की! पण मेनूतलं 'एलपीएफ फॉर एलएफई' (एलपीएफ म्हणजे लो-पास फिल्टर) यात ओढू नका. ते सिनेमाच्या '.१' ट्रॅकपुरतं ('५.१' मधला '.१', म्हणजेच एलएफई), १२० वर ठेवून विसरून जा.

– रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरसाठी 'स्मॉल' की 'लार्ज' निवडायचं असतं, त्यातल्या 'स्मॉल' या शब्दाचंही बघा कुणीतरी. कंबरेएवढे टॉवर स्पीकर घेतलेल्या माणसाला 'स्मॉल' निवडायला सांगितलं की अपमान वाटतो. आकाराचा प्रश्नच नाही, 'खर्ज सबकडे धाडा' एवढाच अर्थ. 'लार्ज' केलंत तर त्या स्पीकरला सांधा लागूच होत नाही.

– सांधा बसलाय हे कळणार कसं?

– नेहमीच्या जागी बसा, ८० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकर आणि सब दोन्ही चालू. दुसऱ्या कुणाला तरी सबवरचा फेजचा (सबच्या लाटा स्पीकरच्या लाटांशी जुळवणारा) खटका ० आणि १८० असा फिरवायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा येईल, तिथे ठेवा.