डीएनएचा स्फटिक: चिकट टोक दोनच अक्षरांचं का?

मेघना_क: एम.एस्सी.च्या सेमिनारला डीएनएपासून रचना घडवणारे शास्त्रज्ञ नेड सीमन यांच्या गटाचा २००९चा 'नेचर'मधला पेपर घेतलाय. डीएनएचे त्रिकोण द्रावणात आपापले जुळतात आणि स्फटिक होतो, इथवर समजलं. पण जोडणीसाठी टोकाला मोकळी सोडलेली अक्षरं (बेस), म्हणजेच चिकट टोक, दोनच! आठ-दहा ठेवली असती तर पकड घट्ट झाली असती ना? आणि सुतळीसारख्या लवचीक रेणूचा स्फटिक होतो कसा?

पाणकावळा: लवचीकपणा लांबीवर ठरतो. दुपेडी डीएनए साधारण ५० नॅनोमीटरपर्यंत ताठच असतो, आणि त्रिकोणाची एक बाजू २१ अक्षर-जोड्यांची, म्हणजे जेमतेम ७ नॅनोमीटर. अशा तीन बाजू एकमेकींच्या वरखालून विणल्यात. त्यांच्या दिशा एका प्रतलात नाहीत, म्हणून जाळी तिन्ही मितींत वाढते.

वसुधा_प्र: मी प्रथिनांचे स्फटिक वाढवते, म्हणून पहिल्या प्रश्नावर राहवत नाही. मेघना, घट्ट पकड इथे नकोच आहे! रेणू भेटताक्षणी कायमचा चिकटला, तर वाकडा बसलेलाही तसाच राहतो. मग थेंबात स्फटिक मिळत नाही, साका बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो तपकिरी गढूळ थर दिसला की तो थेंब गेला समजायचं.

दोन अक्षरांची जोडणी एकटी फार कमकुवत. चुकीचा बसलेला त्रिकोण सुटून जातो. नीट बसलेल्याला मात्र एकाच वेळी अनेक शेजारी धरतात, म्हणून तो टिकतो. यासाठीच द्रावण गरम करून हळूहळू निववतात: रेणूंना सुटायला, परत बसायला सवड मिळाली पाहिजे. मॅग्नेशियमही लागतं, नाहीतर ऋणभारित पेड एकमेकांना ढकलतात. एवढं सांभाळलं की पाव मिलिमीटरच्या आसपासचे स्फटिक मिळतात. मला तर या पेपरात हेच सर्वांत सुंदर वाटतं. आकार ताठ ठेवलाय आणि जोड मुद्दाम सैल.

मेघना_क: ताई, खूप आभार! पण याचा उपयोग काय, हे सर विचारणारच.

वसुधा_प्र: सीमन मुळात स्फटिकशास्त्रज्ञ. त्यांना हवी होती डीएनएची तयार जाळी, जिच्या पोकळ्यांत स्फटिक न होणारी प्रथिनं ओळीने बसवून क्ष-किरणांनी बघता येतील. कल्पना १९८२च्या लेखातली. डीएनएचा एकटा घन (ठोकळा) १९९१ साली झाला, सपाट जाळी १९९८ साली, आणि त्रिमितीला २००९ उजाडलं. मधली वर्षं जाळीचा ताठ घटक शोधण्यातच गेली, कारण डीएनएच्या चार फाट्या जिथे मिळतात तो साधा जोड डुगडुगतो. पोकळीत प्रथिन बसवणं अजून अवघड आहे. पोकळी मोठी हवी तर त्रिकोण मोठा लागतो, आणि त्रिकोण मोठा केला की विवर्तनाचं, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांचं, चित्र धूसर होतं. लहान त्रिकोणाचं ४ अँगस्ट्रॉमपर्यंत (०.४ नॅनोमीटर; आकडा जितका लहान तितकं स्पष्ट) मिळालं होतं.

सरांना हा पेच आधी सांग, उपयोग नंतर. आणि त्रिकोणाचे पेड वेगवेगळ्या रंगांत स्वतः काढ, छापील आकृती चिकटवू नकोस. कुठला पेड कुठे ओलांडतो ते काढतानाच कळतं.